पोस्ट-पंकची यादी करताय? मग डेनिस बोव्हेल कुठे आहे?

पोस्ट-पंकमधले सर्वोत्तम अल्बम कोणते, असे कुणाला विचारा, गेली कित्येक वर्षे तीच यादी पुढे येते. जॉय डिव्हिजनचे दोन्ही अल्बम वर, त्याखाली वायर, सूझी अँड द बॅनशीज, टॉकिंग हेड्स, आणि शेवटी तोंडी लावण्यापुरते एखादे अनोळखी नाव. सोबत व्याख्याही तयार असते: कारखाने बंद पडत चाललेल्या इंग्लिश शहरांतल्या उदास, गोऱ्या, पुस्तके वाचणाऱ्या तरुणांचे संगीत. 'अननोन प्लेझर्स'च्या मुखपृष्ठावरच्या पांढऱ्या रेषांचा काळा टी-शर्ट आता आपल्याकडेही रस्त्यावर मिळतो. घालणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते की त्या रेषा म्हणजे एका पल्सार ताऱ्याच्या रेडिओ-संकेतांचा आलेख आहे. त्याला माझी काही हरकत नाही. टी-शर्ट छान दिसतो.

माझी हरकत व्याख्येला आहे. मित्रांनो, व्याख्या ही निरागस गोष्ट कधीच नसते. कोण आत आणि कोण बाहेर, हे ती ठरवते. कुणाला 'कलावंत' म्हणायचे आणि कुणाला नुसता 'प्रभाव' म्हणून तळटीपेत ढकलायचे, हेही तीच ठरवते. हा खेळ आपल्याला नवा नाही.

म्हणून एक साधा प्रश्न विचारतो. १९७९ या एकाच वर्षात तीन अल्बम आले. ब्रिस्टलच्या द पॉप ग्रुपचा 'वाय', लंडनच्या द स्लिट्सचा 'कट', आणि कवी लिंटन क्वेसी जॉन्सनचा 'फोर्सेस ऑफ व्हिक्टरी'. तिन्हींच्या ध्वनीमागे एकच माणूस होता: डेनिस बोव्हेल. जन्म बार्बाडोसचा, लहानपणीच लंडनला आलेला, 'मटुंबी' या रेगे बँडचा वादक आणि स्वतःची साउंड सिस्टिम चालवणारा. १९७४ साली क्रिकलवुडच्या कॅरिब क्लबवर पोलिसांची धाड पडली. त्या रात्री तिथे त्याची साउंड सिस्टिम वाजत होती. त्या प्रकरणात त्याला तुरुंगात टाकले गेले आणि सहा महिन्यांनी अपिलात शिक्षा रद्द झाली. या माणसाशिवाय १९७९ चे पोस्ट-पंक कसे उभे राहते, ते कुणीतरी मला समजावून सांगावे. तरी किती याद्यांमध्ये त्याचे नाव दिसते?

आता मुळापासून पाहू. पंक म्हणजे १९७६-७७ चा स्फोट: तीन कॉर्ड, प्रचंड वेग, थुंकल्यासारखे शब्द. सेक्स पिस्टल्स हा बँड जानेवारी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कार्यक्रमानंतर फुटला. स्फोट झाल्यावर पुढे काय? तोच स्फोट पुन्हा पुन्हा करत राहायचे, की त्या मोकळ्या झालेल्या जागेत काही नवे बांधायचे? दुसरे उत्तर ज्यांनी दिले त्यांना पुढे पोस्ट-पंक म्हटले गेले.

बांधकामाचे साहित्य कुठून आले, ही खरी भानगड आहे. लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये पंक बँड वाजवायचे, तेव्हा मधल्या वेळेत तबकड्या लावायला डॉन लेट्स हा जमैकन आईबापांचा पोरगा बसलेला असे. लावायला पंकच्या तबकड्या होत्याच किती? म्हणून तो डब आणि रेगे लावायचा, आणि गोरी पंक पोरे रात्रभर तेच ऐकायची. जुलै १९७७ मध्ये सेक्स पिस्टल्सच्या जॉनी रॉटनला, म्हणजे जॉन लायडनला, कॅपिटल रेडिओने आवडत्या तबकड्या घेऊन बोलावले. लोकांना वाटले हा आता आरडाओरडा करणार. त्याने पीटर टॉश लावला, ऑगस्टस पाब्लो लावला, जर्मनीचा 'कॅन' लावला. पिस्टल्स फुटल्यावर १९७८ च्या सुरुवातीला तो थेट जमैकाला गेला.

डब म्हणजे काय, हे इथे सांगितले पाहिजे. किंग्स्टनमध्ये किंग टबी नावाचा एक रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा तंत्रज्ञ होता. तयार गाणे घ्यायचे, त्यातला गायकाचा आवाज काढून टाकायचा, बेस आणि ड्रम पुढे आणायचे, गिटारचा एखादा तुकडा प्रतिध्वनीत सोडून द्यायचा, असे त्याचे काम. मिक्सिंगचे टेबल हेच त्याने वाद्य केले. गाण्यात काय ठेवायचे यापेक्षा काय काढायचे, हे त्या माणसाने शिकवले. रॉकमध्ये बेस हा मागे उभा राहणारा नोकर होता. डबमध्ये तो घराचा मालक झाला. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर जो उभा राहिला आहे त्याला बेस ही कानाची नव्हे, छातीची गोष्ट आहे, हे मी वेगळे सांगायला नको.

माझ्या मते पोस्ट-पंकची ओळख पटवणाऱ्या खुणा इथूनच निघतात. बेस गाण्याची चाल चालवतो. गिटार सोलो वाजवत नाही. ती खरवडते, टोचते, मधेच गप्प बसते. वाद्यांमध्ये रिकामी जागा असते आणि ती जागा मुद्दाम ठेवलेली असते. गाणारा माणूस स्वतःच्याच शब्दांकडे संशयाने पाहतो. आणि तबकडी कुणी काढली, पैसे कुणाला गेले, मुखपृष्ठावर काय छापले, हे सगळे गाण्याइतकेच महत्त्वाचे मानले जाते. स्क्रिटी पोलिटी या बँडने १९७८ साली पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर ती काढायला आलेला खर्चच छापून टाकला होता! उदासपणा या यादीत कुठेही नाही. तो एका बँडचा स्वभाव होता, प्रकाराचे लक्षण नव्हे.

माझा पहिला अल्बम अर्थातच 'मेटल बॉक्स'. लायडनच्या नव्या बँडचा, पब्लिक इमेज लिमिटेडचा, नोव्हेंबर १९७९ चा. फिल्मची रिळे ठेवतात तसा पत्र्याचा गोल डबा, आत ४५ च्या गतीने फिरणाऱ्या तीन बारा इंची तबकड्या. हा निव्वळ नखरा नव्हता. मोठ्या तबकडीवर कमी गाणी आणि जास्त वेग ठेवला की खोबणीत बेसला जागा मिळते. जमैकन बारा इंची तबकड्यांचे शास्त्र तेच. जा वॉबलचा बेस त्या जागेत अक्षरशः राहायला येतो. त्यावर कीथ लेव्हीनची गिटार काचेचे तुकडे सांडल्यासारखी. आणि लायडन? कर्करोगाने मरणाऱ्या आईवरचे एक गाणे यात आहे. मागे डिस्कोचा ठेका, गिटारवर चायकोव्हस्कीच्या 'स्वान लेक'ची धून, आणि वरती मुलाचा आक्रोश. आईच्या मरणावर नाचायचे कसे, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या पायांना पडतो. इतके प्रामाणिक शोकगीत मी रॉकमध्ये दुसरे ऐकलेले नाही. (हाच लायडन पुढे ट्रम्पचा उघड समर्थक झाला. ते मी लपवत नाही. आयरिश स्थलांतरित कामगाराचा मुलगा असून झाला, हे जास्त बोचते. पण १९७९ ची तबकडी त्याने परत घेतलेली नाही, आणि त्यातला निम्मा जीव वॉबल आणि लेव्हीनचा आहे.)

दुसरा 'कट'. या मुलींना वाजवता येत नाही, अशी तक्रार त्या काळच्या पुरुषांनी भरपूर केली. बोव्हेलने ती तक्रार ऐकून घेतली नाही. मुली जिथे अडखळत होत्या तीच लय त्याने घट्ट केली, काडेपेटी आणि चमचा असल्या वस्तूंचे आवाज ठेक्यात बसवले, आणि टेसा पॉलिटच्या बेसला पुढे आणून उभे केले. खरेदी, सौंदर्यप्रसाधने, चोरी, पुरुषांची अपेक्षा या सगळ्यांवर हसत हसत वार करणारा हा अल्बम आहे. ऐकताना हसू येते आणि नंतर लक्षात येते की आपल्यावरच हसत होत्या.

पण इथेच मला एक टीका करायची आहे, आणि ती या अल्बमचे चाहते सहसा करत नाहीत. 'कट'च्या मुखपृष्ठावर या तिघी अंगाला चिखल फासून, कमरेला फडके गुंडाळून उभ्या आहेत. 'वाय'च्या मुखपृष्ठावर पापुआ न्यू गिनीमधल्या, मातीचे मुखवटे घातलेल्या आदिवासींचा फोटो आहे. म्हणजे आत संगीत काळ्या माणसाच्या हाती सोपवलेले आणि बाहेर 'रानटीपणा' हा पोशाख म्हणून वापरलेला! आदिवासी तिथे माणूस म्हणून नाही, 'सभ्य समाजाविरुद्ध आमचे बंड' याची खूण म्हणून उभा आहे. त्याला कुणी विचारले होते का?

याउलट त्याच वर्षीचे लीड्सच्या गँग ऑफ फोरचे 'एंटरटेनमेंट!' पाहा. मुखपृष्ठावर एक काउबॉय आणि एक अमेरिकन आदिवासी हस्तांदोलन करतात, तेच चित्र तीनदा, आणि शेजारी मजकूर: आदिवासी याला मित्र समजतो, काउबॉय खूश आहे कारण आता लुबाडता येईल. तीन चित्रांत अख्खा वसाहतवाद. इथे आदिवासी शोभेला नाही, इतिहासात उभा आहे. अल्बमही तसाच: प्रतिध्वनी काढून टाकलेली कोरडी गिटार, जमैकन डबमधून आलेला मेलोडिकाचा सूर, आणि प्रेम, सुट्टी, टीव्हीवरची बातमी यांतला बाजार उघडा करणारे शब्द. एका गाण्यात एक जण प्रेमाबद्दल गातो आणि त्याच वेळी दुसरा आवाज, प्रेमगीते इतकी का लिहिली जातात यावर भाषण देतो. कंडोमला असलेला एक बोली शब्द बदला, असे बीबीसीने सांगितले तेव्हा 'टॉप ऑफ द पॉप्स'सारखा कार्यक्रम सोडून ही पोरे निघून गेली. तबकडी मात्र ईएमआय या बड्या कंपनीने काढली होती, हेही सांगितले पाहिजे.

आता आक्षेप. पहिला: वायर कुठे डब वाजवत होते? जॉय डिव्हिजन कुठे जमैकाला गेले होते? आक्षेप बरोबर आहे. बोवीचा 'लो', क्राफ्टवेर्क, कॅन यांच्याकडून आलेला दुसरा प्रवाह आहेच, आणि 'क्लोजर' हा माझ्याही यादीत आहे. पण जॉय डिव्हिजनमध्येसुद्धा चाल पीटर हुकचा बेसच चालवतो. आणि त्यांचा निर्माता मार्टिन हॅनेट, ज्याच्या पोकळ, थंड ध्वनीची एवढी तारीफ होते, त्याने आणखी कुणाकुणाचे ध्वनिमुद्रण केले? १९८० मध्ये त्याने बेसमेंट ५ या बँडचा '१९६५-१९८०' हा अल्बम केला. गायक डेनिस मॉरिस, जमैकात जन्मलेला, बॉब मार्ली आणि सेक्स पिस्टल्स यांचे फोटो काढणारा, पब्लिक इमेजचे बोधचिन्ह करणारा. निर्माता तोच, काळ तोच, शहरांची मोडतोड तीच. मग एकाचा टी-शर्ट जगभर आणि दुसऱ्याचे नावही माहीत नाही, हे कसे?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे सगळे काळ्यांचे संगीत गोऱ्यांनी उचलण्याचेच काम नाही का? काही ठिकाणी नक्कीच आहे. एरिक क्लॅप्टनने मार्लीचे गाणे गाऊन १९७४ मध्ये अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला आणि १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध, इनॉक पॉवेलच्या बाजूने गरळ ओकली. त्याच्या निषेधातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' उभे राहिले. ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये द क्लॅश आणि स्टील पल्स एकाच मंचावर होते. तेव्हा काळ्या पोरांना नुसत्या संशयावरून उचलायला पोलीस १८२४ चा भटक्यांविरुद्धचा कायदा वापरत होते. त्याच राजवटीने १८७१ मध्ये आपल्या भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. कायद्याचे कूळ ओळखीचे आहे. उचलणे आणि सोबत येणे यातला फरक मी असा करतो: नियंत्रण कुणाकडे होते? स्लिट्सनी टेबल बोव्हेलच्या हाती दिले. क्लॅप्टनने फक्त गाणे घेतले.

आणि म्हणूनच मी 'फोर्सेस ऑफ व्हिक्टरी'ला पोस्ट-पंकच्या यादीत घालत नाही. काही मित्र मोठ्या मनाने घालतात. लिंटन शाळकरी वयात ब्रिटिश ब्लॅक पँथर्समध्ये होता; ज्या अमेरिकन पँथर्सकडून त्यांनी नाव घेतले, त्यांच्याकडूनच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने घेतले. त्याची कविता त्या परंपरेची आहे. तिला दुसऱ्याच्या घरात पाहुणी म्हणून बसवणे हा सन्मान नव्हे. शेजारच्या फळीवर ठेवा, दोन्ही एकत्र ऐका.

यादीतले शेवटचे नाव ईएसजी. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधल्या स्क्रॉगिन्स बहिणी. पोरी रस्त्यावर वाया जाऊ नयेत म्हणून आईने वाद्ये आणून दिली. मुख्यतः बेस, ड्रम, काँगा, आवाज. त्यांचेही सुरुवातीचे ध्वनिमुद्रण हॅनेटनेच केले. १९८१ च्या त्या छोट्या तबकडीतला 'यूएफओ'चा तुकडा पुढे असंख्य हिप-हॉप गाण्यांत वापरला गेला, बहुतेकदा पैसे न देता. १९९२ मध्ये त्यांनी नवी तबकडी काढली तिचे नावच असे की नमुन्याखाली नाव छापून आमची बिले भरली जात नाहीत.

ऐकायला सुरुवात 'कट'पासून करा, मग 'मेटल बॉक्स'. फक्त एक विनंती: मोबाईलच्या स्पीकरवर लावू नका, बेस ऐकूच येणार नाही. बरे हेडफोन नसतील तर मंडळाचा स्पीकर बॉक्स जिथे ठेवलेला असेल तिथे जा आणि एक दुपार मागून घ्या.