जुनी गाडी आणि नवे पेट्रोल

या सदरातून आम्ही आजवर रेशनच्या धान्यापासून मुलांच्या दहावीच्या अर्जापर्यंत घरातल्या पुष्कळ गोष्टी लिहिल्या. गाडीबद्दल लिहिण्याचा प्रसंग फारसा आला नाही. गाडी म्हणजे श्रीमंताची वस्तू, असे आपण बरीच वर्षे मानत आलो. आता तसे राहिलेले नाही. आपल्या वस्तीत कुणाची रिक्षा आहे, कुणाचा भाजीचा टेम्पो आहे, कुणाची सेकंडहँड मोटारसायकल आहे. ती मिरवायला घेतलेली नसते, तिच्यावर घर चालते. म्हणूनच अशा गाडीला काही झाले की घरातल्या माणसाला ताप आल्यासारखी काळजी लागते. सन २०२५ च्या पावसाळ्यात ही काळजी आमच्या घरी आली. ती कशी आली आणि कशी निस्तरली, ते आज सांगतो.

आमचे थोरले बंधू, म्हणजे दादा, ज्या कंपनीत होते ती बंद पडली. हाती आलेल्या पैशांतून त्यांनी २०१९ साली एक जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. व्हॅन २०१२ सालची. वहिनी पहाटे चारला उठून स्वयंपाकाला लागतात आणि दादा साडेअकराला पंचेचाळीस डबे घेऊन अंबरनाथच्या एम.आय.डी.सी.कडे निघतात. साडेबाराला कारखान्यातली जेवणाची सुटी होते. त्याआधी डबा पोचला तरच त्याला किंमत. घराचे भाडे, आईचे औषध, पुतणीची फी, सारे त्या डब्यांतून निघते.

पावसाळा सुरू झाला आणि मोबाईलवर निरोप फिरू लागले. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे, जुन्या गाड्यांचे इंजिन सडणार, टाकी गळणार, रस्त्यात आग लागणार, असे एक ना दोन. आधी आम्ही हसण्यावारी नेले. पण दादांची व्हॅन सकाळी चालू व्हायला त्रास देऊ लागली. चढावर दम तोडू लागली. दादांची झोप उडाली. रात्री उठून ते खाली जात आणि व्हॅनखाली पेट्रोल गळते आहे का, ते बॅटरी लावून पाहत.

एके दिवशी व्हॅन भर रस्त्यात बंद पडली. पावसात ढकलून बाजूला घेतली, रिक्षा केली, डबे हलवले. तोवर पावणेदोन वाजले होते. कामगार वडापाव खाऊन पुन्हा मशीनवर गेले होते. त्या दिवसाचे पैसे वहिनींनी कुणाकडून घेतले नाहीत. पंचेचाळीस डबे परत आले. शेजारीपाजारी वाटले तरी बरेच अन्न उरले.

त्याच संध्याकाळी ओळखीचा एक दलाल घरी आला. म्हणाला, “जयभीम दादा, तुमच्या भल्याचं सांगतो. जुनी पेट्रोल गाडी आता भंगारच समजा. पंचवीस हजार देतो, आजच्या आज मोकळे व्हा. पुढच्या महिन्यात कुणी दहाही देणार नाही.” दादा गप्प बसले. आम्हीही गप्पच होतो. खरे सांगायचे तर आम्हांलाही वाटत होते की देऊन टाकावी.

आमची पुतणी आय.टी.आय.ला मोटार मेकॅनिकचा कोर्स करते. दुसरे वर्ष आहे. पंधरा दिवस आम्ही पंपावरच्या पोराला विचारले, पानवाल्याला विचारले, मोबाईलला विचारले. तिला मात्र कुणी विचारले नाही. दलाल गेल्यावर तीच म्हणाली, “पप्पा, फिल्टर कधी बदलला होता?” दादांना आठवेना. “मग विकायच्या आधी तो तरी बघू या.”

तिने आम्हांला जे समजावले आणि आम्ही नंतर खात्री करून घेतली, ते वाचकांसाठी देतो.

इथेनॉल म्हणजे एक प्रकारचा अल्कोहोल. आपल्याकडे तो उसाच्या मळीपासून व रसापासून, तसेच मका आणि तुकडा तांदूळ यांपासून काढतात. आपल्या देशात पेट्रोलमध्ये तो मिसळण्याची सुरुवात २००३ साली काही राज्यांत पाच टक्क्यांनी झाली. त्यात महाराष्ट्रही होता. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. वीस टक्क्यांचे उद्दिष्ट पूर्वी २०३० चे होते, ते अलीकडे २०२५ वर आणले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर हे पेट्रोल आले आणि २०२५ पर्यंत देशभर पसरले. परदेशातून तेल कमी आणावे लागते, धूर कमी होतो आणि ऊस-मका पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते, ही त्यामागची कारणे. ती खोटी नाहीत. पण एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग वीस टक्क्यांना चालतील असे बनवलेले असतात. त्याआधीच्या गाड्यांचे काय, हा प्रश्न आपल्यासारख्यांचा आहे, कारण जुनी गाडी आपल्याच दारात उभी असते.

आता गाडीत होते काय, ते पाहू. पहिली गोष्ट, एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी असते. म्हणून ॲव्हरेज थोडे घटते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशात, दहा टक्क्यांसाठी बनवून वीस टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या गाड्यांत एक ते दोन टक्के आणि इतर गाड्यांत तीन ते सहा टक्के घट धरली आहे. दुसरी गोष्ट, इथेनॉल जुनी घाण सोडवतो. वर्षानुवर्षे टाकीच्या तळाशी बसलेला गंज आणि चिकटा सुटतो आणि फिल्टरमध्ये जाऊन अडकतो. तिसरी गोष्ट, जुन्या रबरी नळ्या आणि वायसर त्याने फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. त्याच खुलाशात जुन्या काही गाड्यांचे रबरी भाग व गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हे मान्य केले आहे. चौथी गोष्ट, इथेनॉल पाणी ओढून घेतो. टाकीत पाणी जास्त झाले तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसतात, आणि गाडी तेच आधी ओढते. पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीला याचा धोका अधिक.

यातले एकही कारण एका रात्रीत इंजिन सडवणारे नाही. तसेच यातले एकही दुर्लक्ष करण्याजोगे नाही. अफवा आणि खुलासा यांच्या मध्ये जी खरी गोष्ट असते, ती बॉनेट उघडल्यावरच दिसते.

दुसऱ्या दिवशी पुतणी आणि दादा व्हॅन ओढून गॅरेजात घेऊन गेले. मिस्त्री जुने, अनुभवी. फिल्टर काढला तर तो तपकिरी गाळाने गच्च भरला होता. टाकीपासून येणारी रबरी नळी दाबून पाहिली तर कडक झालेली, वाकवल्यावर तिला बारीक चिरा दिसत होत्या. “ही अजून महिनाभर चालली असती,” मिस्त्री म्हणाले, “आणि मग गरम इंजिनावर गळली असती.” हे ऐकून वहिनींनी कपाळाला हात लावला. टाकी काढून धुतली, फिल्टर बदलला, वीस टक्के इथेनॉलला चालेल अशी नळी आणि वायसर मागून घेतले. मजुरीसह चौदाशे रुपये झाले. त्याच मिस्त्रींनी व्हॅनची किंमत सत्तर हजारांच्या खाली सांगितली नाही. आम्ही ती पंचवीसला द्यायला निघालो होतो!

आमचे वडील मुंबईत टॅक्सी चालवीत. त्या काळातली एक गोष्ट यावरून आठवली. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे घालत. त्याने लहान मुलांच्या मेंदूला अपाय होतो. म्हणून १९९५ साली दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी २००० पासून ते देशभर आले. तेव्हाही टॅक्सीवाले घाबरले होते. भीती अगदीच खोटी नव्हती, कारण जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांची झीज शिशामुळे कमी होई. वडिलांना वेळेआधी एकदा हेड उतरवून काम करून घ्यावे लागले. पण टॅक्सी चालली. पुढे न्यायालयाच्या आदेशाने मुंबईच्या टॅक्सी सी.एन.जी.कडे वळल्या. ती काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली ती वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे, पेट्रोलमुळे नव्हे. हवा सुधारली ती आपल्याच मुलांसाठी, हे खरे. पण दर वेळी बदलाचा पहिला खर्च ज्याची गाडी जुनी त्याच्या खिशातून गेला, हेही तितकेच खरे.

म्हणून हिशेब ठेवला पाहिजे. आमच्या वहिनी सातवी शिकलेल्या. पण पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे पेट्रोलची वही आहे. त्या वहीवरून कळले की व्हॅन पूर्वी लिटरला चौदा किलोमीटर देत होती. दुरुस्तीनंतर तीन वेळा टाकी पूर्ण भरून मोजले, तर सव्वातेरा निघाले. रोजचे चाळीस किलोमीटर आणि लिटरला शंभर रुपये धरले, तर दिवसाला सोळा रुपये जादा. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर चारशेच्या वर. मोठ्या माणसाला ही रक्कम दिसणार नाही. आमच्या घरात ती आईच्या महिन्याच्या गोळ्यांची रक्कम आहे. वहिनींनी डब्यामागे एक रुपया वाढवायचे ठरवले आणि का वाढवला, ते गिऱ्हाइकांना वही दाखवून सांगितले. कुणीही डबा सोडला नाही.

बिनइथेनॉलचे पेट्रोलही पंपावर मिळावे, अशी एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ती १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली गेली. तेव्हा आपल्याला याच पेट्रोलवर गाडी चालवायची आहे, असे धरून चालणे शहाणपणाचे. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे, त्यांनी एवढे करावे.

गाडीचे माहितीपुस्तक किंवा टाकीच्या झाकणाजवळची चिठ्ठी पाहावी. तिथे किती टक्के इथेनॉल चालते ते लिहिलेले असू शकते. नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. पेट्रोलचा फिल्टर बदलून किती दिवस झाले हे आठवत नसेल, तर तो बदलावा. प्रत्येक सर्व्हिसिंगला रबरी नळ्या हाताने वाकवून पाहायला सांगाव्यात. गाडीत वा गाडीखाली पेट्रोलचा वास आला, तर गाडी तिथेच बंद करावी, मुलांना उतरवावे आणि मेकॅनिकला बोलवावे. घरी, गॅसच्या शेगडीजवळ, पेट्रोलची नळी कुणीही उघडू नये. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी आणि झाकणाचे रबर घट्ट आहे ना, ते बघावे. कार्बोरेटरची जुनी मोटारसायकल सकाळी चालू होत नसेल तर किक मारून पाय दुखवून घेऊ नये, ट्यूनिंग करून घ्यावे. “हे टाका, इथेनॉल मरेल” असे सांगून बाटल्या विकणाऱ्यांच्या नादी लागू नये. पेट्रोलमध्ये रॉकेल तर मुळीच मिसळू नये. आणि घाबरून, रात्रीच्या रात्री, दलालाला गाडी देऊ नये.

शेवटची गोष्ट आम्ही स्वतःला सांगतो आहोत. आपण पोटाला चिमटा घेऊन मुला-मुलींना शिकवतो. मग घरात अडचण आली की शिकलेल्या लेकराला सोडून बाहेर साऱ्यांना विचारत फिरतो. त्यातही मुलगी असेल तर तिला गाडीतले काय कळणार, असे मनातल्या मनात ठरवून टाकतो. पंधरा दिवस आम्ही तेच केले, आणि त्या पंधरा दिवसांत एक नळी चिरत होती.

या महिन्यात दादांनी पुतणीला पान्यांचा एक सेट आणून दिला. आता दर रविवारी सकाळी ती बॉनेट उघडते, दादा बॅटरी धरतात आणि वहिनी वहीत लिहून घेतात. डबे साडेबाराच्या आत पोचतात. आपल्यापैकी कुणाच्या रिक्षाला, टेम्पोला, मोटारसायकलला असा अनुभव आला असेल तर खर्चाच्या आकड्यासह आम्हांला जरूर कळवा. एकाचा हिशेब दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. तूर्त इतकेच.