न मागितलेला माल

आमच्या पिंपळगाव राजात खरिपाच्या तोंडावर एक शब्द हमखास कानी पडतो: ‘लिंकिंग’. शेतकरी कृषी केंद्रावर डीएपीची दोन पोती मागतो आणि दुकानदार त्या पोत्यांसोबत सूक्ष्म अन्नद्रव्यांची एक पिशवी पुढे सरकवतो. हे घ्याल तर ते मिळेल. शेतकरी रागावतो, दुकानदार म्हणतो, कंपनीनेच हा माल माझ्या गळ्यात मारला आहे, मी तरी काय करू? शासन लिंकिंगविरुद्ध इशारे देते, तक्रारी मात्र होतच राहतात. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ह्याला जोडविक्री म्हणतात. एक वस्तू निकडीची असली की तिच्या शेपटीला दुसरी, न मागितलेली वस्तू बांधून ती खपवावयाची, एवढाच त्याचा अर्थ. हा पाठ मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवला. परंतु तोच व्यवहार माझ्या घरात शिरला आहे, हे मात्र मला माझ्या नातीने दाखवून दिले.

ती बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गेली, म्हणून निवृत्तिवेतनातून बाजूला ठेवलेल्या पैशांतून खामगावहून एक लॅपटॉप आणला. संध्याकाळी तो सुरू केला आणि आम्ही न मागितलेले प्रोग्राम मोजू लागलो. ते 19 भरले. तीस दिवसांच्या मुदतीचा अँटीव्हायरस होता, लेखन-हिशेबाच्या प्रोग्रामांची महिनाभराची फुकट चव होती, दोन खेळ होते, एका खरेदीच्या दुकानाचे चित्र होते आणि लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीचे एकाहून अधिक ‘मदतनीस’ होते. एवढ्या गर्दीत मराठी कीबोर्ड मात्र दिसेना. तो यंत्राच्या पोटात असतो, पण भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो आपणच चालू करावा लागतो. खेळ आपण होऊन पुढे येतो आणि मातृभाषा शोधून काढावी लागते, ह्या क्रमातच पुष्कळ काही सांगितलेले आहे.

“आबा, हे सगळंच काढून टाकू का?” नातीने विचारले. मी उत्साहाच्या भरात “काढ” म्हणालो आणि पहिली चूक माझ्याच हातून घडली. एका मदतनीसाची हकालपट्टी होताच पडद्याचा उजेड कमी-अधिक करणाऱ्या कळा मुक्या झाल्या. तो प्रोग्राम पुन्हा मिळवून बसविण्यात दुसरी सकाळ गेली. न मागितलेले ते सारे निरुपयोगी, हा माझा सिद्धांत त्या सकाळी कोसळला. मग आम्ही कागद घेतला आणि हातची वही समजून एकेका प्रोग्रामापुढे तीन प्रश्न लिहिले: हा गेला तर यंत्राचे कोणते काम अडेल? हा आपल्याकडून पैसा, माहिती किंवा लक्ष ह्यांपैकी काय मागतो? आणि गरज पडली तर हा परत मिळेल काय?

ह्या तीन प्रश्नांनी बरीच वाट मोकळी झाली. ध्वनी, पडदा, स्पर्शपट्टी, वायफाय ह्यांना चालविणारे प्रोग्राम यंत्राचे हातपाय आहेत. त्यांना हात लावू नये. यंत्र बनविणाऱ्या कंपनीचा जो मदतनीस अंतर्गत दुरुस्त्या आणून देतो, तोही कामाचा असतो. जो केवळ नवे सामान विकावयास येतो तो नव्हे. खेळ, खरेदीची चित्रे आणि मुदतीचे प्रोग्राम निःसंकोच काढावेत. मुदतीच्या अँटीव्हायरसविषयी लोकांना भीती वाटते, ती अनाठायी आहे. विंडोजमध्ये स्वतःचे संरक्षण असते आणि बाहेरचा अँटीव्हायरस काढला की सर्वसाधारणपणे ते आपोआप कामाला लागते. आमच्या गावात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका तरुणाने ‘तुमचे यंत्र धोक्यात आहे’ ही लाल चौकट रोज पाहून घाबरून वर्षाचे शुल्क भरले होते. पीकविम्याचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून चार पैसे कमावणाऱ्या त्या मुलाची कमाई भीतीच्या बाजारात गेली.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. आपल्या फायली दूरच्या भांडारात ठेवणारा वनड्राइव्हसारखा प्रोग्राम काढण्यापूर्वी त्या फायली यंत्रावर खरोखर उतरल्या आहेत की नाहीत, हे पाहून घ्यावे. त्याची फुकट जागा 5 जीबीची. ती भरली की पैशांची मागणी सुरू होते, आणि तोवर आपली कागदपत्रे त्या भांडारात गेलेली असतात. म्हणून आधी प्रत काढावी, मग काट मारावी. आणि नावावरून ज्याचा उलगडा होत नाही तो प्रोग्राम चौकशी होईपर्यंत राहू द्यावा.

येथवरचे काम एका दुपारचे आहे, आणि कोणी म्हणेल, काढता येते ना? मग तक्रार कसली? ज्याला नको त्याने काढावे. बाजारात ग्राहक स्वतंत्र आहे. हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु जे आधीच भरलेले असते ते बहुसंख्य लोक कधीच बदलत नाहीत, हे त्या धंद्यातील लोकांना आपल्याहून चांगले ठाऊक आहे. अमेरिकेत गूगलवर चाललेल्या खटल्यात उघड झाले की, इतरांच्या यंत्रांवर आणि ब्राउझरांवर आपले शोधयंत्र आधीपासून लावलेले असावे, एवढ्यासाठी त्या कंपनीने 2021 ह्या एका वर्षात 26 अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मोजली. 2024 च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने तिची मक्तेदारी बेकायदा ठरविली. बदलणे जर खरोखर इतके सहज असते, तर न बदलण्यासाठी एवढा पैसा कोणी मोजला असता काय?

दुसरा युक्तिवाद अधिक प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. लॅपटॉप बनविणाऱ्यांचा नफा तुटपुंजा असतो. त्यात जागा मिळावी म्हणून प्रोग्रामवाले पैसे देतात आणि त्यामुळे यंत्राची किंमत काहीशी उतरते, असे म्हणतात. हे अंशतः खरे असू शकेल. पण मग स्वच्छ यंत्र त्याच्या खऱ्या किमतीला शेजारी मांडून ठेवा आणि निवड ग्राहकाला करू द्या. 2008 मध्ये सोनी कंपनीने आपल्या काही लॅपटॉपांवर असा पर्याय दिला होता: अधिकचे सुमारे 50 डॉलर भरा, आम्ही हे प्रोग्राम काढून देतो. आपणच टाकलेला केर उचलण्याची ही मजुरी! टीका होताच ते शुल्क मागे घेण्यात आले. आणि हा माल केवळ अडगळ असतो असेही नाही. 2014 च्या सुमारास लेनोवोच्या काही लॅपटॉपांवर ‘सुपरफिश’ नावाचा जाहिरातींचा प्रोग्राम भरून आला होता. तो ग्राहक आणि बँकेचे संकेतस्थळ ह्यांच्यामधील कुलूपबंद संवादातही शिरत होता आणि त्यामुळे तिसऱ्या चोरालाही वाट मोकळी होत होती. 2015 च्या फेब्रुवारीत हे उघडकीस आले आणि पुढे अमेरिकेच्या व्यापार आयोगाला त्यात कारवाई करावी लागली. ते यंत्र घेणाऱ्या माणसाने काय निवडले होते? त्याला तो प्रोग्राम आहे हेच माहीत नव्हते.

म्हणून हा प्रश्न अभिरुचीचा नसून सत्तेचा आहे, आणि त्याचा इतिहास आपल्या चळवळीला अगदीच परका नाही. एके काळी संगणकाबरोबर प्रोग्राम त्याच किमतीत गुंडाळून देण्याची आयबीएमची रीत होती. 1969 च्या जानेवारीत अमेरिकन सरकारने मक्तेदारीविरोधी खटला भरला, आणि त्याच वर्षी त्या कंपनीने यंत्र व प्रोग्राम ह्यांची किंमत वेगळी करण्याची घोषणा केली. स्वतंत्र सॉफ्टवेअर उद्योगाला त्यातून वाव मिळाला. तीच आयबीएम 1978 मध्ये, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, परकीय भांडवलाविषयीच्या अटी न मानता भारतातून गेली. त्या निर्णयाचे गुणदोष कोणी कसेही मोजोत. यंत्र कोणाच्या अटीवर देशात यावे हा राजकारणाचा प्रश्न आहे, हे त्या काळी उघडपणे मानले गेले होते. पुढे यंत्रांची सत्ता प्रोग्रामांकडे गेली. विंडोज बसवा अथवा बसवू नका, बनविलेल्या प्रत्येक यंत्रामागे पैसे द्या, अशा स्वरूपाचे करार मायक्रोसॉफ्ट यंत्रनिर्मात्यांशी करीत असे. 1994 च्या तडजोडीने अमेरिकेत त्यांना बंदी झाली. म्हणजे आमच्या कृषी केंद्राचा दुकानदार जे सांगतो तेच येथेही होते: विकणाराच्याही गळ्यात कोणीतरी दोरी बांधलेली असते.

आपल्या देशाने ह्या बाबतीत अगदी काहीच केले नाही असे नव्हे. 20 ऑक्टोबर 2022 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड फोनांवरील सक्तीच्या प्रोग्रामांच्या प्रकरणी गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. सारा संच भरावाच लागणे आणि तो काढण्याची सोय नसणे ही अट अन्याय्य आहे, असे आयोगाने म्हटले. 2023 च्या मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. मात्र आधीच भरलेले प्रोग्राम काढण्यास आडकाठी करू नये, हा निर्देश इतर तिन्हींबरोबर रद्द केला. शिक्षा राहिली आणि ग्राहकाचा हक्क तेवढा गळाला! युरोपात चित्र वेगळे आहे. तेथील डिजिटल बाजारविषयक कायद्यामुळे 2024 च्या मार्चपासून विंडोजमधील एज ब्राउझरसुद्धा काढून टाकण्याची मुभा मायक्रोसॉफ्टला द्यावी लागली. तेच यंत्र, तीच कंपनी. पॅरिसच्या विद्यार्थिनीला जी मुभा कायद्याने मिळते ती पिंपळगावच्या विद्यार्थिनीला मिळत नाही. तंत्रज्ञानाची अडचण नाही, हे ह्यावरून सिद्धच झाले. कमी आहे ती कायद्याची.

परंतु मक्तेदार केवळ कंपन्यांतच असतात असे समजून चालणार नाही. 2025 च्या नोव्हेंबरअखेर केंद्राच्या दूरसंचार विभागाने फोन बनविणाऱ्यांना आदेश दिला की, ‘संचार साथी’ हा सरकारी प्रोग्राम प्रत्येक नव्या फोनवर आधीच भरावा आणि त्याचे कार्य बंद करता येऊ नये. चोरीचे फोन शोधण्याचा हेतू सांगण्यात आला. हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण जो प्रोग्राम नागरिकाला काढता येत नाही, तो त्याच्या खिशात बसविलेला पहारेकरी होतो. गदारोळ झाला आणि 3 डिसेंबरला ही सक्ती मागे घेण्यात आली. समाजवादी म्हणविणाऱ्याने ह्या ठिकाणी डळमळू नये. भांडवलदाराची सक्ती वाईट आणि सरकारची सक्ती लोकहिताची, असा सरळ हिशेब आपण आणीबाणीनंतर तरी मांडू शकत नाही.

मग मागावयाचे काय? तीन गोष्टी पुरेशा आहेत. यंत्र चालण्यास जो अनिवार्य नाही असा प्रत्येक प्रोग्राम, तो कंपनीचा असो की सरकारचा, काढता आला पाहिजे. कोणते प्रोग्राम भरून येत आहेत आणि कोणाची मुदत केव्हा संपून पैसे लागणार आहेत, ह्याची यादी बिलासोबत मराठीत मिळाली पाहिजे. आणि जिल्हा परिषदेच्या शाळा, महाविद्यालये, आमदार निधी अशा सार्वजनिक पैशातून जी यंत्रे घेतली जातात त्यांच्या निविदेतच अट असावी: यंत्र स्वच्छ असावे, मराठी कीबोर्ड चालू असावा आणि लेखन-हिशेबासाठी लिब्रेऑफिससारखा मुक्त प्रोग्राम असावा. केरळच्या शाळांनी फार पूर्वीच मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग धरला. ते अशक्यप्राय काम नव्हे. ह्यातील शेवटची मागणी तर दिल्लीला जाण्याचीही गरज ठेवीत नाही. ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत ती आपल्या कार्यकर्त्यांना मांडता येईल.

आपले कार्यकर्ते खताच्या दुकानापुढे उभे राहून लिंकिंगविरुद्ध घोषणा देतात, आणि त्यांच्याच घरी मुलीच्या लॅपटॉपमध्ये तोच व्यवहार निमूट चालू असतो. ह्यात त्यांचा दोष नाही; पोते दिसते, प्रोग्राम दिसत नाही. तो दिसावा म्हणून आम्ही एक साधा उपक्रम योजला आहे. नातीने आमचा तो तीन प्रश्नांचा कागद स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढला आहे, आणि येत्या रविवारी दुपारी गावातील काही मुले-मुली आपापली यंत्रे घेऊन आमच्या ओसरीवर बसणार आहेत. अर्ज भरून देणारा तो तरुणही येणार आहे. आम्ही 19 पैकी अखेर 11 काढले आणि 8 ठेवले. त्या आठांपैकी दोघांविषयी आमचे अद्याप एकमत झालेले नाही. ज्या साथींना त्यांची उकल ठाऊक असेल त्यांनी अवश्य यावे.