मी, शंकासुर

जुलै महिना लागला की आमच्या घरात दोन गोष्टी गळायला लागतात. एक गच्ची आणि दुसरी माझी श्रद्धा. गच्चीला दर वर्षी डांबर लावून घेतो. श्रद्धेला लावायचं डांबर अजून बाजारात आलेलं नाही.

कारण याच महिन्यात तिकडे फ्रान्समध्ये 'तूर द फ्रान्स' नावाची सायकलशर्यत असते. तीन आठवडे, तीन हजारांवर किलोमीटर, आणि वाटेत आल्प्स नि पिरेनीज हे दोन पर्वत आडवे. मी ती पायावर शाल घेऊन टीव्हीसमोर बसून पाहतो. एखादा संघ घाटात बाकीच्यांना खडीसाखरेसारखं विरघळवत वर निघाला की माझ्या तोंडून "हं!" निघतं. नुसतं "हं". पण तेवढ्यानं माझा भाचा खवळतो.

भाचा बँकेत आहे, पण रविवारी पहाटे तो सायकलपटू असतो. अंगाला चिकटलेले कपडे घालून सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन येतो. त्याच्या सायकलीच्या किमतीत माझी मुंज, लग्न आणि वर एक बारसं झालं असतं. तो म्हणतो, "मामा, तुम्हाला कुणाचं चांगलं म्हणून बघवत नाही. पुरावा आहे का? नाही ना? मग कशाला बोलता? शंकासुर आहात नुसते!"

दशावतारातला शंकासुर निदान नाचतो तरी. मी खुर्चीतून हलतसुद्धा नाही.

पण मी काही सायकल न पाहिलेला माणूस नव्हे. मी पुण्यात वाढलो, म्हणजे तासाच्या भाड्यानं सायकल आणून गुडघे फोडून घेण्यात वाढलो. एकदा पैजेखातर कात्रजचा घाट चढायला गेलो होतो. तिसऱ्या वळणावर उतरलो. उरलेला घाट मी सायकलीला चढवला की सायकलीनं मला, हे आजही सांगता येणार नाही. तेव्हा चढावर माणसाचं तोंड कसं होतं हे मला ठाऊक आहे. म्हणूनच, दीडशे किलोमीटर मारून आलेला गडी पुढचा डोंगर तोंड मिटून चढताना दिसला की मी अस्वस्थ होतो.

बरं, मी जन्मजात शंकासुर असतो तर गोष्ट वेगळी. मी मूळचा भक्त. लान्स आर्मस्ट्राँगचा! १९९९ ते २००५ अशा ओळीनं सात शर्यती त्यानं जिंकल्या, त्याही कॅन्सरमधून उठून. तो पिवळा रबरी पट्टा मी पन्नाशीत मनगटावर घालून हिंडलो. ही म्हणाली, "औषधांच्या बाटलीचं रबर का घातलंयत हाताला?" मी रागावलो. आता वाटतं, हिला काहीतरी कळलं असावं. २००५ साली पॅरिसमध्ये शेवटचा पिवळा अंगरखा घालून तो उभा राहिला आणि म्हणाला की, ज्यांचा चमत्कारावर विश्वास नाही त्यांची मला कीव येते. मी टाळ्या वाजवल्या. आमचे मेहुणे "काहीतरी पाणी मुरतंय" म्हणाले, तर त्यांच्याशी मी सहा महिने बोललो नाही.

१९९९ मध्ये त्याच्या तपासणीत स्टेरॉइडचा अंश सापडलाच होता. तेव्हा सांगण्यात आलं की, खोगिरावर बसून बसून फोड आलाय, त्यावरचं मलम आहे ते. मलमाच्या चिठ्ठीवर मागची तारीख घातली होती, हे पुढे बाहेर आलं. २०१२ मध्ये सातही विजेतेपदं काढून घेतली आणि २०१३ च्या जानेवारीत त्यानं स्वतः टीव्हीवर कबुली दिली. गंमत म्हणजे त्या सात वर्षांपुढे आजही विजेता म्हणून कुणाचंच नाव नाही. वर्गात पहिला आलेला कॉपी करताना सापडावा, आणि दुसऱ्याला पहिला करायचं मनात आणलं तर त्याचीही वही संशयास्पद निघावी. शेवटी हेडमास्तरांनी फळाच पुसून टाकला!

मेहुण्यांची माफी मागायला मी पेढे घेऊन गेलो. त्यांनी ते तपासून खाल्ले.

आता "पुरावा, पुरावा" म्हणून नाचणाऱ्यांना मी विचारतो, आर्मस्ट्राँगला पकडलं कुणी? लघवीच्या बाटल्यांनी? त्यातून तो वर्षानुवर्षं सहीसलामत सुटत होता आणि तेच प्रमाणपत्र म्हणून मिरवत होता. पकडलं ते त्याच्याच संघातल्या माणसांच्या शपथेवरच्या जबान्यांनी. आणि ती माणसं बोलायला लागली ती चार शंकासुरांनी दारं ठोठावणं सोडलं नाही म्हणून. सगळेच माझ्यासारखे टाळ्या वाजवत बसले असते, तर तो पट्टा आजही माझ्या हातात असता.

शिवाय या खेळाची कुळकथाच तशी आहे हो! १९०४ ची दुसरीच शर्यत. त्यातले पहिले चारही जण मागाहून बाद झाले, आणि पाचवा आलेला एक वीस वर्षांच्या आतला पोरगा विजेता ठरला. सायकलशर्यतीत काही मंडळी आगगाडीनं गेल्याचा बोभाटा झाला होता. आणि सबबी तरी काय एकेक! एका बेल्जियन पठ्ठ्याच्या घरी औषधं सापडली, तर तो म्हणाला कुत्र्यासाठी आहेत. २००२ मध्ये तिसरा आलेल्या लिथुएनियन गड्याची बायको मोटारभर औषधांसह पकडली गेली, तर म्हणे आजारी आईसाठी आहेत. एका अमेरिकनाच्या रक्तात दुसऱ्याच्या रक्तपेशी सापडल्या, तर म्हणे आईच्या पोटात असताना मला जुळं भावंड होतं, ते नाहीसं झालं, त्याच्या असतील. आमच्या शाळेत गृहपाठ न केल्याची कारणं सांगणारी पोरं मला त्या दिवसापासून फारच सालस वाटू लागली आहेत.

तर अशा घराण्यात २०१० साली 'टीम स्काय' नावाचा इंग्रजांचा संघ अवतरला. पाच वर्षांत स्वच्छ ब्रिटिश गडी तूर जिंकेल, ही त्यांची प्रतिज्ञा. झालंही तसंच. २०१२ मध्ये ब्रॅडली विगिन्स जिंकला, मग चार वेळा ख्रिस फ्रूम, मग २०१८ मध्ये गेरंट थॉमस. २०१९ मध्ये नाव बदलून इनिओस झालं तरी एगन बर्नाल जिंकलाच. आठ वर्षांत सात! आणि जिंकण्याची तऱ्हाही ठरलेली. एरवी घाट सुरू झाला की चाकरी करणारे गडी गळतात आणि मालक मालक उरतात. इथे यांचे चाकर पुढे रांगेनं ओढताहेत आणि दुसऱ्यांचे मालक मागे गळताहेत. लग्नातला बँडवाला नवरदेवाच्या घोड्यापेक्षा जोरात पळावा, तसं ते दृश्य.

यामागचं रहस्य काय, तर बारकावे. प्रत्येक गोष्टीत एक टक्का सुधारणा! खेळाडूची गादी-उशी गावोगाव बरोबर न्यायची. हात कसे धुवायचे ते शिकवायचं. सायकली दुरुस्त करायच्या गाडीत आतून पांढरा रंग, धुळीचा कण दिसावा म्हणून. व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत ही गादी-उशी इतकी फिरली की भाच्याच्या बँकेतही येऊन पोचली. तेव्हापासून तो स्वतःची उशी घेऊन आमच्याकडे राहायला येतो.

मी म्हणतो, उत्तम! इतका काटेकोर माणूस मला आवडतोच. पण मग ते पाकीट?

२०११ सालच्या जूनमध्ये आल्प्समधली एक शर्यत संपता संपता इंग्लंडहून एक माणूस विमानानं जिनिव्हाला आला आणि त्यानं संघाच्या डॉक्टरांसाठी एक पाकीट पोचवलं. पाकीट विगिन्सच्या औषधाचं. आत काय होतं? पाच वर्षांनी पार्लमेंटच्या समितीपुढे संघाचे सर्वेसर्वा डेव्ह ब्रेल्सफर्ड यांनी सांगितलं, कफ पातळ करायचं औषध. जे फ्रान्समध्ये कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं! पडसं झालं म्हणून कुणी पुण्याहून नागपूरला विमानानं आल्याचा काढा पाठवला, तर नागपूरकर काय म्हणतील? बरं, नोंद दाखवा. तर नोंद डॉक्टरांच्या लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप २०१४ मध्ये ग्रीसला सुट्टीवर असताना चोरीला गेलेला. दुसरी प्रत? नाही.

उशीची नोंद आहे, औषधाची नाही!

आमच्या सोसायटीत एक चिटणीस होते. सभेला किती कप चहा आला, त्यात बिनसाखरेचे किती, हे वहीत लिहिणारा माणूस. एका वर्षी टाकीच्या दुरुस्तीचा खर्च विचारला तर म्हणाले, "ती वही उंदरांनी खाल्ली." आता उंदरांनी खाल्लीही असेल. कुणी त्यांना चोर म्हटलं नाही, पोलिसात गेलं नाही. फक्त पुढच्या वर्षी किल्ल्या दुसऱ्याकडे दिल्या. तेव्हा आम्हा बत्तीस बिऱ्हाडांना कुणी शंकासुर म्हटलं नव्हतं.

भाचा म्हणतो, "सिद्ध काय झालं?" खरं आहे. पाकिटाची चौकशी २०१७ मध्ये काही सिद्ध न होताच बंद झाली. परागकणांच्या त्रासासाठी विगिन्सनं मोठ्या शर्यतींच्या तोंडावर घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं रीतसर परवानगीची होती. पार्लमेंटच्या समितीनं २०१८ मध्ये, यात नैतिकतेची रेघ ओलांडली गेली, असं लिहिलं. संघानं नि विगिन्सनं ते साफ नाकारलं. आणि डॉक्टरांचं? २०११ मध्येच त्यांच्या नावे मँचेस्टरच्या कार्यालयात टेस्टोस्टेरॉनच्या जेलच्या तीस पुड्या आल्या होत्या. त्या एका खेळाडूसाठी आहेत हे ठाऊक असून किंवा तसं समजून त्यांनी मागवल्या, असा निष्कर्ष वैद्यकीय न्यायाधिकरणानं २०२१ मध्ये काढला आणि त्यांचं नाव डॉक्टरांच्या यादीतून कमी झालं. खेळाडू कोण, ते अखेरपर्यंत कळलं नाही. दहा वर्षं लागली एवढं कळायला! आणि मला "हं" म्हणायची परवानगी पाचव्या मिनिटाला नाकारण्यात येते.

फ्रूमचं मला खरोखर वाईट वाटतं. २०१५ मध्ये रस्त्याकडेच्या कुणी नालायकानं त्याच्या अंगावर लघवीनं भरलेला पेला फेकला. ही शंका नव्हे, गुंडगिरी. २०१६ मध्ये व्हाँतूच्या डोंगरावर मोटारसायकलीला धडकून त्याची सायकल मोडली, तर हा बाबा पिवळ्या अंगरख्यात, टाचा आपटत, चक्क पायी पळत सुटला! मला माझा कात्रज आठवला. त्या दिवशी मी पुन्हा भक्त होणार होतो. पुढच्याच वर्षी दम्याच्या औषधाचं प्रमाण त्याच्या नमुन्यात मर्यादेबाहेर निघालं. नऊ-दहा महिने घोळ चालला आणि २०१८ ची तूर तोंडावर आली असताना तो निर्दोष ठरला. निर्दोष ठरला हे मी मान्य करतो. पण माझी भक्ती त्या नऊ महिन्यांत उपाशी मेली, त्याला कोण काय करणार?

आणि भाच्याला मी नेहमी सांगतो त्या एका माणसाचं नाव. ख्रिस्तोफ बासाँ. १९९८ मध्ये फेस्टिना संघाच्या मोटारीत औषधांचा साठा सापडून अख्खा संघ हाकलला गेला, त्या संघातला हा न घेणारा गडी. १९९९ ची तूर तो धावत होता आणि वर्तमानपत्रात लिहीत होता की हा वेग काही खरा वाटत नाही. म्हणजे माझंच "हं", पण सायकलीवरून म्हटलेलं. आल्प द्युएझच्या वाटेवर आर्मस्ट्राँग त्याच्याजवळ आला आणि म्हणाला, इथून चालता हो. बाकीचे गडी त्याच्याशी बोलेनासे झाले. दोन दिवसांत बासाँ शर्यत सोडून घरी गेला.

त्या संध्याकाळी मी कुणासाठी टाळ्या वाजवत होतो, ते वर सांगितलंच आहे.

आताशा दुसरे संघ आले आहेत. २०२३ मध्ये तिन्ही मोठ्या शर्यती एकाच डच संघानं मारल्या. २०२४ आणि २०२५ ची तूर ताडेय पोगाचारनं जिंकली, तीही पोरखेळ असल्यासारखी. यांपैकी पोगाचार किंवा विंगेगॉर कुणी कधी तपासणीत सापडलेला नाही, हे भाचा मला घोकून दाखवतो. मी ऐकतो. मध्यंतरी वाचलं की, उंचावरच्या सरावाचा रक्तावर काय परिणाम झाला ते मोजायला काही मोठे संघ खेळाडूंना थोडा कार्बन मोनॉक्साइड हुंगवतात. मोजण्यापुरताच. शेवटी २०२५ मध्ये सायकलसंघटनेनं तो वारंवार हुंगण्यावर बंदी आणली. लोक बंद खोलीत शेगडी ठेवत नाहीत ते ज्या वायूला भिऊन, तो हा!

गेल्या जुलैत आम्ही दोघं असेच बसलो होतो. बाहेर पाऊस, आत बादलीत गच्चीचं पाणी टप टप. पडद्यावर पोगाचार खोगिरावरून उठला, एक झेप, आणि मागचे सगळे ठिपके झाले. इतकं देखणं होतं ते, की माझे हात आपोआप वर आले आणि एक टाळी वाजली. दुसरी वाजायच्या आत हात मध्येच थांबले.

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "मेला का डास?"

भाचा माझ्याकडे बघत होता.

"बहुतेक," मी म्हटलं.