विज्ञानाच्या देणग्या आणि सीमेवरची मराठी शाळा

गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून पाणी का सुटते? पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील कोणत्याही मराठी शाळेत चौथीच्या वर्गाला हा प्रश्न विचारून पाहावा. मुले चार तर्क सांगतात, आपसात भांडतात, आणि त्यातला एखादा तर्क अगदी बरोबर असतो. तोच प्रश्न वर्षभराने, पाचवीत, इंग्रजीतून विचारला की वर्ग गप्प होतो. डोकी तीच असतात. भाषा बदललेली असते. आम्ही शिक्षक मंडळी हे गप्प बसणे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही वाट ठेवली. त्या वाटेवरून आपण बरेच झगडलो. पण विज्ञान शिकवण्याच्या साधनांसाठी पैसा कोण देतो आणि तो कोणत्या भाषेतून मुलांपर्यंत पोहोचतो, याकडे आपल्या चळवळीने फारसे लक्ष दिले नाही. ते आता द्यावे, असे आम्हांला वाटते.

आपल्याकडील आधुनिक भौतिकशास्त्राची उभारणी खासगी विश्वस्त निधीच्या आधाराने झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. डॉ. होमी भाभा यांनी मार्च १९४४ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था मागितली. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. गोव्यातील कोसंबे गावी जन्मलेले दामोदर कोसंबी याच संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते. म्हणजे या देणगीचे एक फळ आपल्या मातीतलेही आहे.

पण आमच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट पुढे घडली. १९७४ साली याच ट्रस्टच्या मदतीने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. केंद्राचे लोक मुंबईत बसून राहिले नाहीत. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा या खेड्याच्या परिसरात, मराठी माध्यमाच्या शाळांत, तिथल्याच शिक्षकांना बरोबर घेऊन त्यांनी काम केले. संस्थापक संचालक डॉ. वि. गो. कुलकर्णी यांनी भाषेच्या अडसरावर बोट ठेवले. पुस्तकाची भाषा सोपी केली, मुलांना बोलते केले, की तीच मुले विज्ञानात पुढे येतात, हे त्या केंद्राच्या कामातून दिसले.

दुसरे उदाहरण पुण्याचे. डॉ. जयंत नारळीकर यांनी उभ्या केलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिच्या इमारतीला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानने देणगी दिली आणि इमारतीचे नाव ठेवले ‘पुलस्त्य’. पुलस्त्य हा सप्तर्षींतला एक तारा. मराठी वाचकांनी पुस्तके विकत घेतली, नाटके पाहिली; त्यातून जमलेल्या पैशातला वाटा मुलांच्या प्रयोगांकडे वळला. अरविंद गुप्ता यांनी तिथेच टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली आणि ती मराठीतूनही मुलांपर्यंत नेली. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. विज्ञान मराठीत सांगता येते का, या प्रश्नाचे उत्तर ते आयुष्यभर देत आले होते.

मग हा पैसा आपल्या गावांत का येत नाही? देणारे असतात, मागणारे नसतात. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे, वर्षाला पाच कोटी रुपये किंवा त्याहून अधिक निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. त्यात शिक्षण येते. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायद्यात लिहिले आहे. पेडण्यात मोपाचा विमानतळ आहे, तुयेत औद्योगिक वसाहत आहे. डिचोलीत वसाहत आहे आणि खाणीही आहेत. शिवाय २०१५ पासून खाणग्रस्त भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद झाली. त्या निधीच्या अग्रक्रमातही शिक्षण आहे.

मात्र देणगीला सरकारी अनुदान समजू नये. देणाऱ्याची मर्जी फिरली किंवा नफा आटला की देणगी थांबते. २०१२ आणि २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा एका धंद्यावर विसंबलेल्या गावांचे काय होते, हे डिचोलीने पाहिले आहे. शाळा चालवणे ही सरकारचीच जबाबदारी. दुसरा धोका फलकाचा. एक दिवसाचे प्रदर्शन, दात्याच्या नावाचा फलक, इंग्रजीतले भाषण आणि वर्तमानपत्रात फोटो; एवढ्याने मुलाला काय मिळाले?

म्हणून मागताना नेमके मागावे. भिंगे, चुंबक, तारा, बॅटऱ्या यांची पेटी प्रत्येक शाळेला, आणि तिच्याबरोबर मराठीत लिहिलेली प्रयोगपुस्तिका. शिक्षकांचे प्रशिक्षण मराठीतून. चौथीच्या मुलाला प्रत्येक संकल्पनेचा मराठी आणि इंग्रजी शब्द दोन्ही मिळावेत, म्हणजे पाचवीत गेल्यावर त्याची वाचा बसणार नाही. आणि मदत किमान पाच वर्षांची असावी. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलालाही याचा लाभच होईल; आमचे भांडण कोकणीशी नाही, इंग्रजीशीही नाही. न कळता पाठ करण्याशी आहे.

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडच्या शाळांत अजून विज्ञान मराठीतून शिकवणारे शिक्षक आहेत. सीमेपलीकडच्या या बांधवांशी हात मिळवला तर पुस्तिका लिहायला माणसे दूर शोधावी लागणार नाहीत. येत्या ग्रामसभेत आणि पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ठराव करावा आणि अर्ज मराठीतून लेखी द्यावा. भाभांनीसुद्धा आधी पत्रच लिहिले होते.