बोगदा झाला, टायरांचे काय?

हिमालयातील हिवाळी प्रवासासाठी वेगळे टायर हवेत की नकोत, हा प्रश्न आपण मोटारींच्या शौकिनांवर सोपवून मोकळे झालो आहोत. माझ्या मते तो प्रशासनाचा आहे. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून तर निश्चितच.

त्याआधी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद होई. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी म्हणेन, खिंडीचे ते बंद होणे हाच तिथला सर्वांत कडक वाहतूक-नियम होता. ९.०२ किलोमीटरच्या बोगद्याने तो रद्द केला. लाहौलच्या रुग्णांसाठी हे वरदानच. पण त्या जागी दुसरा नियम आला नाही. आता दिल्लीची मोटार ऐन डिसेंबरात आपल्या नेहमीच्या टायरांवर थेट सिस्सूला पोहोचते.

तापमान सुमारे सात अंशांखाली गेले की या टायरांचे रबर कडक होऊ लागते आणि पकड घटते. हिवाळी टायरचे रबर मऊ राहते. ‘आमची गाडी फोर बाय फोर आहे’ हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. चारही चाकांना मिळणारी ताकद गाडी चढवते. उतारावर ती थांबवायची असते तेव्हा कामी येते ती टायरची पकडच. आपले नियम मोटारीच्या टायरवर १.६ मिलिमीटर खोलीची नक्षी मागतात, थंडीविषयी मात्र मौन बाळगतात. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी स्थिती असल्यास असे टायर सक्तीचे आहेत.

वर्षातून एकदा येणाऱ्या पर्यटकाने चार टायर विकत घ्यावेत, असे मी म्हणणार नाही. त्याने साखळ्या बाळगाव्यात किंवा स्थानिक टॅक्सी करावी. तंगमर्ग-गुलमर्ग रस्त्यावर बर्फ पडला की साखळ्यांचा आग्रह धरला जातो, तो योग्यच आहे. परंतु साखळ्या बर्फावरच चालतात. एका वळणावर कोरडे डांबर आणि पुढच्या सावलीत काचेसारखा गोठलेला थर असेल, तर कोणता चालक दहादा खाली उतरून त्या चढवील-काढील? म्हणून रोज धावणाऱ्या टॅक्सी, बस आणि शाळेच्या गाड्यांना हिवाळी टायर सक्तीचे असावेत. टायरच्या बाजूवरचे तीन शिखरे व हिमकणाचे चिन्ह नाक्यावरचा शिपाई विजेरीच्या प्रकाशातही पाहू शकतो. (तपासता न येणारे नियम लिहिण्याची हौस आमच्या सेवेला फार.)

खर्चाचा आक्षेप रास्त आहे. मनालीत बाहेरच्या वाहनांकडून हरित कर घेतला जातोच. त्यातील काही वाटा स्थानिक टॅक्सीचालकांच्या टायरांसाठी द्यावा, आणि तो पहिल्या बर्फाआधी त्यांच्या हाती पडावा.