उत्पत्ती आणि उत्क्रांती

बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीतील कॅथलिक विद्यार्थी रविवारी चर्चच्या धर्मशिक्षण वर्गात आदाम आणि हव्वा यांची कथा ऐकतो. सोमवारी शाळेत राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातील ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा वाचतो. या दोहोंचा मेळ बसतो काय? प्रश्न केवळ त्याच्या घरापुरता नाही. श्रद्धा आणि विज्ञान यांचे नाते कसे असावे, हे प्रत्येक समाजाला ठरवावे लागते.

मुंबईला हा वाद नवा नाही. १८५७ साली येथील समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यातील जाहीर वादविवाद गाजले. पुराणांतील भूगोल-खगोल विज्ञानाच्या कसोटीस उतरत नाही, हा त्या काळच्या मिशनरी प्रचाराचा आवडता मुद्दा. अवघ्या दोन वर्षांनी, नोव्हेंबर १८५९ मध्ये, डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तीच कसोटी बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाला लागली.

ख्रिस्ती जगताने तिला दोन उत्तरे दिली. पहिले अक्षरवाद्यांचे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९२५ साली उत्क्रांती शिकवल्याबद्दल स्कोप्स या शिक्षकाला १०० डॉलर दंड ठोठावण्यात आला. सहा दिवसांची सृष्टी शब्दशः खरी मानणाऱ्यांना डार्विन पचणे शक्य नाही, हे उघड आहे.

दुसरे उत्तर रोमचे. मानवी देहाच्या उगमाचा शोध घेण्यास १९५० साली पोप पायस बारावे यांनी मोकळीक दिली; आत्मा मात्र थेट ईश्वरनिर्मित, ही अट ठेवली. उत्क्रांती हे निव्वळ गृहीतक उरलेले नाही, असे १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी मान्य केले. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल तर ख्रिस्ती मठवासीच होता. तेव्हा मेळ बसतो. पण शब्दार्थाचा आग्रह सोडल्यावरच.

तरीही एक गाठ उरते. मानवजातीचे आद्य पूर्वज अनेक होते, हे मत १९५० च्या त्याच परिपत्रकाने नाकारले. कारण मूळ पापाचा सिद्धांत एकाच आदामावर उभा आहे. आपले पूर्वज हजारोंच्या समूहात होते, असे जनुकशास्त्र सांगते. ही गाठ ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञांनीच सोडवायची आहे. इतरांनी त्यावर टाळ्या पिटण्याचे कारण नाही.

कारण आपले घरही तपासावे लागेल. डार्विन चुकीचा आहे, असे जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी मराठवाड्यातच सांगितले आणि देशाच्या तीन विज्ञान अकादमींना त्याचे खंडन करावे लागले. दशावतारांत उत्क्रांतीचा क्रम पाहणे हे रम्य रूपक आहे, पुरावा नव्हे. सृष्टीचा उगम कोणी जाणतो काय, असे विचारून नासदीय सूक्त थांबते. ज्या परंपरेने एवढा मोठा प्रश्न निर्भयपणे खुला ठेवला, तिच्या वारसांनी दहावीच्या एका धड्याला भिण्याचे काय कारण?