करारापेक्षा जास्त मागता येतं का?

गेल्या रविवारी भाचा घरी आला होता. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सला आहे. कायम कामगार, युनियनचा सभासद. चहा संपायच्या आत त्याने विचारलं, "मामा, युनियनचा करार झालाय, पण साहेब मला वर दोन हजार 'पर्सनल पे' देतो म्हणतायत. सेक्रेटरी म्हणतात, घेतलास तर तू फितूर. घेऊ की नको?"

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांसमोर हा प्रश्न कधी ना कधी येणार, म्हणून इथे लिहितो.

करार म्हणजे जमीन, छत नव्हे. आपल्याकडे समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार त्या कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, सभासद नसलेल्यांना आणि नंतर नोकरीला लागलेल्यांनाही. त्याहून कमी कोणाला देता येत नाही. जास्त द्यायला, करारातच मनाई नसेल तर, सहसा अडचण नसते. जर्मनीत तर १९४९ च्या सामूहिक करार कायद्यातच हे लिहिलेलं आहे: वैयक्तिक करार वेगळा चालेल, पण कामगाराच्या फायद्याचा असेल तरच. तिकडे गेलेल्या आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.

मग सेक्रेटरी चिडतात ते उगीच का? नाही. जास्तीचे पैसे कशाच्या बदल्यात मिळतायत, तिथे गोम आहे.

ब्रिटनमधली गोष्ट सांगतो. १९८९ मध्ये 'डेली मेल'ने पत्रकारांच्या युनियनशी वाटाघाटी बंद करायचं ठरवलं आणि प्रत्येकासमोर वैयक्तिक करार ठेवला. मुदतीत सही करणाऱ्याला साडेचार टक्के वाढ. अट एवढीच की पगाराची बोलणी युनियनने करायची नाहीत. डेव्हिड विल्सन नावाच्या पत्रकाराने सही केली नाही. पुढची वर्षं त्याचा पगार सहकाऱ्यांच्या मागे राहिला. १९९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तो हरला. शेवटी २००२ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने सांगितलं, की पैशाचं आमिष दाखवून युनियनचा हक्क सोडायला लावण्याची मुभा कायद्याने द्यायला नको होती. तेरा वर्षं गेली यात!

आपला कायदाही या बाबतीत झोपलेला नाही. युनियन बांधली जात असतानाच्या मोक्याच्या वेळी, ती खिळखिळी करायला दिलेली पगारवाढ १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अनुचित प्रथा ठरवली होती. गुणवत्ता न बघता काही कामगारांना झुकतं माप देणं, हीसुद्धा. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही दोन्ही आहेत.

भाच्याला मी तीनच गोष्टी विचारायला सांगितल्या. हे पैसे कोणत्या कामाचे? कागदावर सही मागतात का, आणि त्यात युनियनबद्दल काही आहे का? पुढच्या करारात वाढ झाली की हे दोन हजार त्यात जिरवणार का? (ही तिसरी गोष्ट कोणी विचारत नाही, आणि तीन वर्षांनी पगाराची स्लिप बघून डोकं धरतात.)

बुधवारी त्याचा फोन आला. रात्रपाळीत बॉयलरचं काम येणारा तो एकटाच आहे, म्हणून पैसे. हे साहेबांनी पत्रात लिहून द्यायचं कबूल केलंय. जिरवण्याबद्दल मात्र "बघू" म्हणाले. पत्र हातात आलं की तो ते आधी सेक्रेटरींना दाखवणार आहे.